‘जलयुक्त’चे यश मोजायचे कसे?

महाराष्ट्र २०१९ पर्यंत टंचाईमुक्त करण्याचा संकल्प सोडून डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. दरवर्षी पाच हजार गावे हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात ‘कॅग’ने ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढविण्यात अभियानाचा फारसा परिणाम झाला नसल्याचा ठपका ठेवला. सहा जिल्ह्यांतील १२० गावांची तपासणी त्यासाठी झाली होती. लाखो कामांपैकी मूठभर कामांवरून निष्कर्ष काढल्याचा आक्षेप अभियानाच्या समर्थकांनी घेतला.

वाद नमुन्याच्या आकाराभोवती फिरला; खरा प्रश्न पद्धतीचा आहे. विहिरीची पातळी पावसावर, खडकावर, उपशावर आणि पिकांवरही अवलंबून असते. नाला खोल केला, पण अडलेल्या पाण्यावर ऊस वाढला, तर काम पूर्ण होऊनही टँकर सुरूच राहतो. पातळी घटली हे निरीक्षण विहीर सांगते. ती का घटली, हे गावच सांगू शकते.

म्हणूनच अशा कामांचे मूल्यमापन दुहेरी असावे लागते. एकीकडे पर्जन्यमान, भूजल पातळी आणि पीकक्षेत्र यांची अनेक वर्षांची तुलना, तीही काम न झालेल्या शेजारच्या गावांशी. दुसरीकडे शिवारफेरी आणि गटचर्चा. चर्चेत बंधाऱ्यालगतच्या बागायतदाराइतकेच स्थान भूमिहीनांना आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांना हवे. दोन्हींचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर ती विसंगतीच पुढील तपासाची दिशा ठरते.

हा पुस्तकी आग्रह नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. तेथे मोजणी हा गावाच्या निर्णयाचाच भाग आहे. अर्थात, सहभागालाही मर्यादा आहेत. ग्रामसभेत बोलका गट वरचढ ठरतो. शासकीय अधिकाऱ्यासमोर योजनेविरुद्ध बोलणे लाभार्थ्यास अवघड जाते. आकड्यांचा आधार हवा तो याचसाठी.

जलयुक्त शिवारची योजना आखताना शिवारफेरी होत असे. तीच फेरी काम संपल्यावर, दोन-तीन उन्हाळे उलटल्यावर पुन्हा व्हायला हवी. जानेवारी २०२३ मध्ये अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला. त्याचे यश पूर्ण झालेल्या कामांच्या संख्येवर मोजले गेले, तर पहिल्या टप्प्याचाच वाद पुन्हा रंगेल; आणि कोट्यवधी रुपये नेमके कोठे मुरले, याचे उत्तर तेव्हाही मिळणार नाही.