टायर दिखाव्यासाठी नको, वाटेसाठी घ्या

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचा शौक वाढला आहे. कोणी माल पोहोचवण्यासाठी पिकअप घेतो, कोणी घरच्यांसाठी थार किंवा गुरखा घेतो, कोणी जुनी जिप्सी दुरुस्त करून वापरतो. गाडी घेताना आपले व्यापारी बंधू दहा ठिकाणी चौकशी करतात, फायनान्सचा हिशोब चार वेळा मांडतात. परंतु टायर बदलण्याची वेळ आली की दुकानदार दाखवील तो जाडजूड, मोठ्या खाचांचा टायर पाहून भुलतात. "जंगलात जाणारी गाडी वाटली पाहिजे" एवढाच निकष उरतो. हा निकष खिशालाही महाग पडतो आणि जिवालाही.

जीप आपल्या मुलखाला नवी नाही. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी 'महिंद्र अँड मोहंमद' ही कंपनी काढली. १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. पुढे याच जीपच्या वंशातल्या गाड्यांनी मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांवर माणसे आणि माल पोहोचवला. त्या चालवणारे टायरची निवड रस्ता पाहून करीत, रुबाब पाहून नव्हे.

टायरही कापडच आहे

आम्ही कापडवाले टायरकडे रबर म्हणून पाहतो. खरे तर त्याच्या पोटात कापड असते. पूर्वी सुती कॅनव्हास असे, मग रेयॉन, नायलॉन आणि पॉलिस्टर आले. या कापडात सगळा जोर ताण्यात असतो, बाणा केवळ धागे जागेवर राहावेत एवढाच विरळ असतो. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये या कापडाचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत बसवतात. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी पट्टे येतात. म्हणून रेडियल टायर रस्त्यावर सपाट बसतो, कमी तापतो आणि जास्त चालतो. त्याची बाजूची भिंत मात्र नरम असते. अणकुचीदार खडीने ती फाटली तर पंक्चरवाला काही करू शकत नाही.

कापडाच्या थानावर जसा पन्हा आणि काउंट लिहिलेला असतो, तसा टायरच्या भिंतीवर सगळा हिशोब लिहिलेला असतो. बोलेरोचा २१५/७५ आर १५ हा टायर घ्या. २१५ हा टायरचा पन्हा, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे भिंतीची उंची पन्ह्याच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. त्यापुढच्या अंकाकडे फार थोडे लोक पाहतात, पण माल वाहणाऱ्यासाठी तोच सर्वात कामाचा. तो वजनाचा अंक आहे. १०० असेल तर एका टायरवर ८०० किलो, १०४ असेल तर ९०० किलो, ११२ असेल तर ११२० किलो. गाठी भरून घाट चढणाऱ्या पिकअपला कमी अंकाचा टायर लावणे म्हणजे मलमलीच्या पिशवीत लोखंड भरणे होय.

तीन जाती

ढोबळमानाने टायरच्या तीन जाती आहेत. पहिली एच.टी., म्हणजे पक्क्या रस्त्याची. खाचा बारीक, आवाज कमी, डिझेलचा खर्च कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. दुसरी ए.टी., म्हणजे मधली. खाचा थोड्या मोठ्या, डांबरही चालते आणि कच्चा रस्ताही. तिसरी एम.टी., म्हणजे चिखलाची, जिला बाजारात बटन टायर म्हणतात. तिचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद, त्यामुळे चिखल अडकून न राहता फेकला जातो. पण त्याच कारणाने डांबरावर रबर कमी टेकते. ब्रेक लागायला जास्त अंतर जाते, आवाज होतो, झीज लवकर होते आणि डिझेल जास्त जळते.

आता प्रामाणिकपणे विचारावे की आपली गाडी चालते कुठे? कल्याण-शीळ रस्ता, भिवंडी बायपास, नाशिक महामार्ग, फार तर मुरबाडवरून माळशेज घाट. हे सगळे डांबर किंवा काँक्रीट आहे. खड्डे आहेत, ते नाकारत नाही. पण खड्डा म्हणजे चिखल नव्हे. खड्ड्यासाठी हवा बरोबर आणि भिंत मजबूत लागते, बटन लागत नाही. अशा गाडीला एच.टी. पुरेसा आहे. आठवडी बाजार करणारे, म्हसाच्या यात्रेला घोंगड्या-चादरी नेणारे, पाड्यांवर उधारी वसूल करायला जाणारे जे आहेत, त्यांची वाट थोडी डांबराची आणि थोडी मातीची. त्यांनी ए.टी. घ्यावा. बटन टायर त्याने घ्यावा, ज्याची गाडी पावसाळ्यात रोज भातखाचरांच्या कडेने किंवा जंगलवाटेने जाते. दगडखाणीवर जाणाऱ्याने खाचांपेक्षा जाड भिंतीचा विचार आधी करावा.

पैशाचा हिशोबही व्यापाऱ्यासारखा करावा. समजा एक टायर ८,००० रुपयांचा आहे आणि ५०,००० किलोमीटर चालतो. दुसरा ११,००० चा आहे आणि ३५,००० चालतो. पहिला किलोमीटरला १६ पैसे पडला, दुसरा ३१ पैसे. चार टायरचे मिळून ६४ पैसे विरुद्ध सव्वा रुपया. वर डिझेल वेगळे. ज्या धंद्यात मीटरमागे चार आणे सुटले तरी समाधान मानतात, त्या धंद्यातल्या माणसाने हा फरक केवळ दिसण्यासाठी का सोसावा?

मोठा टायर म्हणजे मोठी ताकद नव्हे

कंपनीच्या मापापेक्षा मोठा टायर बसवण्याची तरुणांत हौस आहे. टायरचा व्यास १० टक्के वाढला तर मीटर ६० दाखवील तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. गिअर जड होतो, क्लच लवकर जातो, ब्रेकवर भार येतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. कायद्याचीही अडचण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापातच राहावे.

फोर-व्हील-ड्राइव्हची आणखी एक खास अट आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत. पुढे नवे, मागे गोटा असे चालत नाही. फोर-व्हीलचा दांडा टाकला की अशा बहुतेक गाड्यांची पुढची-मागची धुरा एकत्र बांधली जाते. टायर लहान-मोठे असतील तर दोन्ही धुरा एकमेकींना ओढतात आणि गिअरबॉक्सजवळची पेटी खराब होते. ती दुरुस्त करण्याच्या खर्चात टायरचा सेट येईल. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून गाडी पळवू नये.

आणि एक गोष्ट मुलांना समजावून सांगितली पाहिजे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. पावसात शीळ फाट्याच्या उतारावर ब्रेक मारला की सगळी मदार टायरवर असते.

जुना टायर आणि गोड बोलणे

मुंब्रा-कल्याण फाट्यापासून भिवंडीपर्यंत टायर विकणारे, पंक्चर काढणारे, रिमोल्ड करणारे आपलेच अनेक भाऊबंद आहेत. मेहनतीची रोजी आहे आणि चांगल्या कारागिराने केलेले रिमोल्ड ट्रकच्या मागच्या चाकांना चालतेही. परंतु गोटा झालेल्या टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कोरून तो 'चांगल्या कंडिशनचा' म्हणून विकणे हा धंदा नव्हे. त्या खाचा रबर कमी करतात आणि धागे उघडे पडायला वेळ लागत नाही. फाटलेले कापड रफू करून नवे म्हणून विकणाऱ्याला आपण बाजारात काय म्हणतो, तेच इथे म्हणावे. कापड फाटले तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते. टायर घाटात फुटला तर भांडायला कोणी येत नाही.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. भिंतीवर चार आकडी तारीख असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. खाचा कितीही ताज्या दिसोत, जुने रबर कडक होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर बाद. ते मोजायला यंत्र नको, खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर उतरवावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुना टायर आणि नवा टायर यांच्या किमतीतले अंतर त्यामुळे कमी झाले आहे. पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा दावा बिलावरच चालतो आणि माल वाहणाऱ्या गाडीचा कर हिशोबात वळता करता येतो.

शेवटी हवेविषयी. ही फुकटात मिळणारी चीज आपण सर्वात कमी सांभाळतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली हवा, थंड टायरमध्ये, आठवड्यातून एकदा पाहावी, स्टेपनीतही. माल भरला की माल भरलेल्या गाडीचा आकडा पाहावा. चिखलात किंवा वाळूत रुतल्यास हवा थोडी कमी केल्याने टायर पसरतो आणि गाडी निघते. पण डांबरावर येताच ती पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फुटतो.

आपले गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा आपण आधी विचारतो, कपडा कशासाठी हवा? लग्नासाठी, कामासाठी की शाळेसाठी? तेच टायरच्या दुकानात जाताना स्वतःला विचारावे. उत्तर वाटेवर सापडेल, शोकेसमध्ये नाही.