पुनर्विकासाच्या नकाशात चालणारा माणूस कुठे आहे?

आमच्या नवेगाव बांधकडची माणसे 6 डिसेंबरसाठी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने दादरला उतरतात आणि चैत्यभूमीपर्यंत चालत जातात. त्या दिवसांत लाखो लोक त्या रस्त्यांवर असतात. समता सैनिक दल रांगा सांभाळते, पोलीस काही रस्ते वाहनांना बंद करतात. म्हणजे चालणाऱ्यांसाठी नियोजन करता येते. मग एरवी का होत नाही?

दादरच्या पुढच्याच स्थानकावर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला, 29 सप्टेंबर 2017 रोजी पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जीव गेले. दोष पावसाला आणि अफवेला दिला गेला. आम्हाला ते पटत नाही. गिरणगावचा कामगार चाळीत राहायचा, भोंगा झाला की पायी गिरणीत जायचा. 1991 च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी पुनर्विकासाला खुल्या केल्या. 2001 च्या दुरुस्तीने त्यातला मोकळ्या जागेचा आणि म्हाडाचा वाटाही आक्रसला. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे टॉवर आले आणि तिथे काम करणारा लोकलने येऊ लागला. इमारती वाढल्या, पूल तेवढाच राहिला. कितीही लांबरुंद पूल बांधा, त्यावरून तेवढीच माणसे जातात जेवढी त्याच्या सर्वांत अरुंद जिन्यातून उतरतात. पुढे लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. पाच महिन्यांत! पण 23 माणसे मेल्यानंतर.

आता बीडीडी चाळींकडे बघा. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना घराच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत जाणे हा त्यांचा हक्कच आहे, त्याला विरोध करणारे आम्ही नव्हे. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथली बांधकामे वर्षानुवर्षे चालतात आणि माणसे तिथेच शेजारी राहतात. कोणत्याही शहरात अशा जागेचे पत्रे फुटपाथवर सरकले की म्हातारी बाई आणि शाळकरी पोर डंपरसमोर उतरतात. गाडीवाल्याला मात्र 'पर्यायी मार्गा'चा फलक मिळतो.

फुटपाथ फेरीवाल्यांनी अडवले, हे ठरलेले उत्तर. फेरीवाल्याला 2014 च्या कायद्याने संरक्षण आहे. बिल्डरच्या पत्र्याला कोणता कायदा आहे? वायकोमला 1924 साली मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला होता. आज जातीची पाटी नाही, पण रस्ता कुणाचा हा प्रश्न तोच आहे. अडथळामुक्त पादपथ हा अनुच्छेद 21 मधला हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांत पादपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पायवाटेचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय पत्रे लागू नयेत, तो मराठीत कुंपणावर लावावा, वाटेवर छत असावे, शाळा भरता-सुटताना डंपर बंद राहावेत. युवकांनो, आपल्या वस्तीजवळ काम सुरू असेल तर टेप घेऊन रुंदी मोजा, फोटो काढा आणि माहिती अधिकारात वाहतूक आराखडा मागवा. त्यात पादचाऱ्यांसाठी किती ओळी आहेत ते बघा आणि त्या वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवा.