डोंगरात मुक्कामाला जाण्याआधी

जोडून सुट्टी आली की पुण्या-मुंबईतून, नाशकातून, कोल्हापुरातून गाड्या सह्याद्रीकडे निघतात. कुणी भंडारदऱ्याला, कुणी आंबोलीला, कुणी दाजीपूरला. जावंच. चार भिंतींत वर्ष काढणाऱ्या माणसाला झाडांमधल्या दोन रात्री हव्याच असतात, आणि पोरांना खरा काळोख आणि खरा पाऊस दाखवायला याहून चांगली जागा नाही. म्हणून हे आवाहन जाऊ नका म्हणण्यासाठी नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवून जा: बुकिंग करताना आपण जे मागतो, तेच पुढच्या हंगामात डोंगरावर बांधलं जातं.

मुक्कामाची जागा चालवणाऱ्याला फोन गेला की पहिले प्रश्न ठरलेले असतात. स्विमिंग पूल आहे का? गाडी दारापर्यंत येते का? रात्री गाणी लावता येतील का? दहा जणांनी हेच विचारलं की अकराव्याच्या आधी जेसीबी येतो, झाडं उतरतात, उतार सपाट होतो. त्या मालकालाही घर चालवायचं असतं. गिऱ्हाईक जे मागेल ते तो देतो. म्हणजे हा डोंगर कसा राहील, हे ठरवण्यात आपल्या फोनचा वाटा मोठा आहे. तेव्हा प्रश्न बदलूया.

पहिला प्रश्न पाण्याचा. घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि उतारावरून तसाच खाली निघून जातो. खालचा कातळ फार पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे जिथे जुलैत धबधबे मोजता येत नाहीत, त्याच डोंगरातल्या वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन झरा गाठतात. आता हिशोब करा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असा बेताचा पूल भरायला ६०,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे १०,००० लिटरचे सहा टँकर. ग्रामीण भागात नळाने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी द्यावं, असं जल जीवन मिशनचं उद्दिष्ट आहे. एका पुलात हजाराहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी साठतं. पोहायला शहरात तलाव आहेत. डोंगरातल्या जागेला विचारायचं ते असं: मे महिन्यात तुमचं पाणी कुठून येतं? वाडीच्या विहिरीवर भार पडतो का? सांडपाण्याला शोषखड्डा आहे, की ते ओढ्यात जातं?

दुसरा प्रश्न उताराचा. माळीण, तळीये आणि इर्शाळवाडी ही नावं महाराष्ट्र विसरलेला नाही. २०१४, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी जुलैच्या मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि झोपलेली, राबणारी माणसं त्याखाली गेली. ही गावं होती, रिसॉर्टं नव्हती, आणि प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत. पण उतार कसा कोसळतो, हे सगळीकडे सारखंच आहे. कातळावर माती आणि मुरमाचा थर असतो. पाणी मुरलं की तो जड होतो आणि त्याची पकड सुटत जाते. झाडांची मुळं त्याला बांधून ठेवतात आणि पायथ्याची माती त्याला टेकू देते. खोल्यांसाठी झाडं तोडली आणि रस्त्यासाठी पायथा कापला की दोन्ही आधार एकदम जातात. म्हणून कापलेल्या उभ्या दरडीला पाठ लावून बांधलेल्या खोलीत पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन झोपू नका. फोटोत दरीचं दृश्य दिसतं, मागची दरड दिसत नाही. ती विचारून घ्या. आणि गाडी दारापर्यंत येण्याचा हट्ट सोडा. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना बंदी आहे, तरी तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाताहेत, आणि मोटार नाही म्हणूनच तिथल्या झाडीतून चालावंसं वाटतं. वाटेवर दहा मिनिटं सामान उचलून चालावं लागलं, तर तो मुक्कामाचाच भाग समजा.

तिसरी गोष्ट रात्रीची. जंगलात दिवसा जेवढं घडतं, त्याहून जास्त अंधारात घडतं. मे महिन्याचा शेवट ते जूनचा मध्य, पाऊस स्थिरावण्याआधी, भंडारदरा आणि पुरुषवाडीकडे सादडा, हिरडा, बेहडा, उंबर या झाडांवर काजवे लागतात. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते. झाडाखाली गाडीचे दिवे लागले की ती साद पोचत नाही. मोबाईलचा फ्लॅश लावून झाडाला भिडलं की खाली गवतात बसलेले काजवे पायाखाली जातात. काजवे बघायला जा, पण गाडी लांब लावा, दिवे बंद करा, विजेरीला लाल कागद बांधा आणि वाट सोडू नका. शनिवार टाळून मंगळवारी गेलात, तर आणखी चांगलं.

आंबोलीचंही तसंच. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पहिल्या सरींनंतर बेडूक बाहेर येतात. आंबोली टोड नावाचा छोटा भेक फक्त त्याच परिसरात सापडतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. जांभ्याच्या सड्यावर साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. त्या डबक्यातून एक टायर गेला तर पुढची पिढी संपते. पावसाच्या रात्री घाटात गाडी काढायची वेळ आली, तर सावकाश चालवा, रस्त्यावर काय हलतंय ते बघा, आणि सड्यावर गाडी घालू नका.

आवाजाबद्दल कायदा स्पष्ट आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. पण १० च्या आधीही विचार करा. घुबड कानाने शिकार करतं, बेडूक आवाजाने जोडीदार शोधतो, आणि शेजारच्या वाडीतली माणसं पहाटे उठून शेतावर जाणार असतात. तुम्हाला नाचायचं असेल तर त्यासाठी गावात हॉल मिळतात. जंगलातली खोली त्यासाठी घेऊ नका.

चौथी गोष्ट शेकोटीची. थंडीत शेकोटी हवीहवीशी वाटते, ते मला मान्य आहे. पण फेब्रुवारीपासून पानगळीचा थर वाळलेला असतो, कातळावरचं गवत पेटायला ठिणगी पुरते, आणि वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. पावसाळ्यानंतर, घराच्या अंगणात, यजमानाने स्वतः पेटवलेली आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली, एवढीच शेकोटी चांगली. रानात पडलेले ओंडके गोळा करायला पोरांना पाठवू नका. त्या ओंडक्यात किडे, बुरशी, साप, सरडे यांचं घर असतं.

आता राहायचं कुठे? उबदार मुक्कामाला काचेच्या भिंती लागत नाहीत. डोंगरातली जुनी घरं आणि वन विश्रामगृहं बघा: उंच जोतं, उतरतं छप्पर, रुंद पडवी, पाऊस आत न येता डोळ्यांसमोर पडेल अशी बसायची जागा. मेळघाटात सिपना नदीकाठचं कोलकास, सेमाडोह अशा ठिकाणी वन विभागाची राहण्याची सोय आहे. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरं आहेत. पुरुषवाडीसारख्या गावांत महादेव कोळी कुटुंबं पाहुण्यांना घरात ठेवून घेतात. अशा ठिकाणी तुमचा पैसा सरळ त्या घरात जातो, आणि ज्या घराला झाडांमुळे दोन पैसे मिळतात, ते घर झाडं राखतं. हा माझ्या लेखी सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. डोंगरातल्या माणसाला जंगल उभं ठेवण्यात फायदा दिसला, तरच जंगल उभं राहील.

मात्र कुणाच्या घरी राहताना हॉटेलचा हक्क गाजवू नका. दोन दिवस आधी किती जण येणार ते नक्की कळवा, कारण किराणा तालुक्याच्या बाजारातून आणावा लागतो. ऐनवेळी रद्द केलंत तर आगाऊ रक्कम परत मागू नका. जे शिजेल ते जेवा: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, रानभाजी, ठेचा. दर ठरला की घासाघीस नको. चुलीपुढे राबणाऱ्या बाईचे कष्ट त्या दरात आधीच कमी धरलेले असतात. दारूच्या बाटल्या घेऊन त्या अंगणात बसू नका. फुटलेली काच गुराच्या खुरात जाते आणि कचरा उचलायला तिथे गाडी येत नाही. जे पाकीट तुम्ही आणलं, ते तुमच्याच पिशवीतून शहरात परत न्या. वानरांना बिस्किटं देऊ नका. हातातून हिसकावून घ्यायची सवय आपणच त्यांना लावली आहे.

आणखी एक विनंती. एका दिवसात पाच पॉइंट करण्याऐवजी एकाच जागी दोन रात्री राहा. भीमाशंकरच्या झाडीत शेकरू दिसायचा, तर झाडाखाली उभं राहून मान वर करून थांबावं लागतं. राधानगरीत गवा दिसायचा, तर पहाटे स्थानिक वाटाड्याबरोबर गुपचूप चालावं लागतं. वाटाड्याला त्याचे पैसे द्या आणि त्याने थांबा म्हटलं की थांबा.

पुढच्या सुट्टीचं बुकिंग करताना फोनवर हे चार प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, खोली कापलेल्या दरडीखाली आहे का, आणि कामावर गावातली माणसं आहेत का. उत्तरं बरी आली तर पूर्ण पैसे देऊन जा आणि परतल्यावर चार जणांना ती जागा सांगा. उत्तरं टाळली गेली, तर का येत नाही ते मालकाला स्पष्ट सांगून दुसरी जागा शोधा. त्याला ते ऐकू येईल. पूल मागणारे फोन ऐकून त्याने पूल बांधला, तसे झाडं आणि पाणी विचारणारे फोन यायला लागले, तर तो झाडं आणि पाणी राखेल.