बालरुग्णाशी खोटे का बोलावे?

लहान मुलांना सत्य सांगितले तर ती घाबरतील, हा समज आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत इतका रुजला आहे की, त्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच निर्दय ठरविले जाते. तो आरोप पत्करून आम्ही लिहीत आहोत.

चार-पाच वर्षांच्या मुलाची हर्नियाची वा टॉन्सिलची शस्त्रक्रिया ठरली की घरात कुजबूज सुरू होते. मामाकडे जायचे आहे, वांद्र्याच्या जत्रेला जायचे आहे, असे सांगून त्याला नवे कपडे चढविले जातात आणि रिक्षा थांबते ती इस्पितळाच्या दारात. ‘सुई मुळीच दुखणार नाही’ हे आईचे वाक्य सुई टोचताक्षणी खोटे ठरते. मग ‘मी इथेच आहे’ या तिच्या खऱ्या वाक्यावर तरी त्याने का विश्वास ठेवावा? मुलांकडून आठवी आज्ञा घोकून घेणाऱ्या आपणां वडीलधाऱ्यांना तिचा नेमका येथेच विसर पडावा, हे नवलच!

मूल गप्प आहे म्हणजे ते ठीक आहे, या भ्रमावर इंग्लंडमधील इस्पितळेही दीर्घकाळ विसंबून होती. आईवडील भेटून गेले की मुले रडतात, म्हणून भेटीच आवराव्यात, असा तेथील व्यवहार. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट दाखविला. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस इस्पितळात राहिलेली दोन वर्षांची मुलगी त्यात दिसते. ती फारसा आकांत करीत नाही. दुःख गिळते आणि हळूहळू आईपासूनच दुरावते. वैद्यकमंडळींपैकी अनेकांना तो चित्रपट रुचला नाही. तरीही १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने पालकांना मुक्तपणे भेटू द्यावे, अगदी लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडे आई बहुधा खाटेशी असतेच. देहाने जवळ राहून शब्दांनी दूर जाण्याची करामत मात्र आपण साधली आहे.

या असत्याची किंमत कधी जिवावरही बेतू शकते. भूल देण्यापूर्वी साधारणतः सहा तास घन अन्न वर्ज्य असते. कारण भुलेत उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत उतरू शकते. उपाशी का ठेवले हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. ते रडते, आजीचे काळीज विरघळते, आणि पदराआडून बिस्किट पुढे होते. डॉक्टरांनी विचारले तर उत्तर ठरलेले: ‘काही खाल्ले नाही.’ आजीच्या मायेविषयी आम्हांला शंका नाही. पण त्या बिस्किटाला माया म्हणण्यास आम्ही तयार नाही.

सांगायचे ते थोडकेच असते. औषधाने झोप लागेल, त्या झोपेत दुखणार नाही. जाग आल्यावर दुखेल, तेव्हा औषध मिळेल. अगदी लहानग्याला आदल्या दिवशी सांगितले तरी पुरे. मोठ्याला काही दिवस आधी. ‘डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन’ असे वचन देण्यापूर्वी मात्र इस्पितळ तशी परवानगी देते का, हे वडिलांनी विचारून घ्यावे. व्हरांड्यात येरझारा घालण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे.

घरी परतल्यावर काही दिवस मूल रात्री दचकते, अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडीत नाही. ‘लाडावलाय’ असा शेरा मारून त्याला दटावणारे नातलग आपण सर्वांनी पाहिले आहेत. रविवारच्या मिस्सानंतर सफरचंदांच्या पिशव्या घेऊन खाटेभोवती उभे राहणाऱ्या आणि मुलादेखत टाक्यांची संख्या विचारणाऱ्या मंडळींविषयी काय लिहावे? त्यांनी दोन रात्री त्या घरच्या थोरल्या मुलीला आपल्याकडे नेले, तर आईबाप त्यांचे उपकार मानतील. धाकटा कोठे गेला, हे तिलाही अजून कोणी खरे सांगितलेले नसते.