जुना संगणक मोडीत काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. पण हप्ता काढण्याआधी लिनक्स पाहावे. ते फुकट मिळते. त्याचे प्रकार शेकडो. नवख्याने त्यांत गुरफटू नये. आम्ही म्हणू, लिनक्स मिंट घ्यावे. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्राला त्यातलेच हलके एक्सएफसीई. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासावे. यात आतले काही पुसले जात नाही. कायमचे चढवताना मात्र पुसले जाऊ शकते. म्हणून मुलांच्या फायली, फोटो आधी दुसरीकडे उतरवावेत. घरात कोणी टॅली शिकत असेल तर विंडोजही शेजारी राहू द्यावे. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही.