औषधाचा डबा कुलपात ठेवा, पोरांशी मोकळं बोला

फर्दापूर (ता. सोयगाव) : कपाशीची फवारणी संपली की पंप धुतला जातो, पण उरलेलं औषध? ते घरातच कुठंतरी पडून राहतं. माझ्याही घरी वर्षानुवर्षं तसंच होतं. आत्महत्या रोखण्याची गोष्ट इथूनच सुरू करावी लागेल.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी जीवन संपवलं. हा आकडा देशात सर्वाधिक होता. देशभरात यात साधारण तिसरा हिस्सा १८ ते ३० वयाच्या तरुणांचा. कारणं एक नसतात. नापास झाल्याची लाज, लग्न जमेना, कर्ज, घरातली भांडणं, त्यात दारू. दारूनं दुःख कमी होत नाही, उलट विचार सुटतो अन् माणूस घाई करतो.

मरणाचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो अन् ओसरतो. त्या घटकेला विष हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेनं १९९५ पासून जहाल शेती औषधं टप्प्याटप्प्यानं बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. पिकं काही बुडाली नाहीत. आपण निदान कुलूप तरी लावू शकतो. लागेल तेवढंच औषध आणा, चावी एकाच जबाबदार माणसाकडं ठेवा.

दुसरी अडचण भीतीची. 'पोलीस केस होईल' म्हणून घरचे लपवतात अन् मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सांगतो, की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. म्हणून कुणी औषध घेतलं तर घरगुती उपाय न करता लगेच १०८ ला फोन लावा, औषधाचा डबाही दवाखान्यात सोबत न्या.

पोरगं गप्प झालं, जेवेना, झोपेना, 'माझं काही खरं नाही' म्हणू लागलं, तर रागावू नका. 'मरायचा विचार येतो का रे?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मन हलकं होतं. मग त्याला एकटं सोडू नका.

जिल्ह्याचं ठिकाण आपल्यापासून शंभर किलोमीटरवर. पण टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा, अन् आज संध्याकाळी औषधाचा डबा कुठं आहे तेही बघा.