पहिले तीन महिने आणि 'आत्ताच कोणाला सांगू नका'



आजचा विषय तुम्हाला जरा वेगळा वाटेल. प्राथमिक शाळेच्या बाईंनी गरोदरपणाच्या नोंदणीवर काय लिहावं, असंही कोणी म्हणेल. पण आपल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांच्या आवारातच अंगणवाडी असते. शाळा सुटली की ज्या आया मुलांना न्यायला फाटकाशी उभ्या असतात, त्यातलीच एखादी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गरोदर असते. आणि चौथीतली मुलगी आठ-आठ दिवस शाळेत दिसत नाही, तेव्हा चौकशी केली की उत्तर मिळतं, "आई बिमार हाय बाई, लहान्याले पाह्यले कोनी नाई." आईच्या बाळंतपणाचा हिशोब शेवटी आपल्या हजेरीपत्रकावर उतरतो. म्हणून हा विषय आपलासुद्धा आहे.

सरकारचा नियम साधा आहे. पाळी चुकली की 12 आठवड्यांच्या आत नोंदणी करायची, माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचं आणि बाळंतपणापर्यंत किमान चार तपासण्या करायच्या. जागतिक आरोग्य संघटना तर 2016 पासून आठ भेटी सांगते, पण पहिली भेट 12 आठवड्यांच्या आत हे तिथेही तसंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या बायांचं प्रमाण देशात 2015-16 मध्ये 58.6 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 70 टक्क्यांवर आलं. सुधारणा चांगलीच आहे. तरी दहातल्या तीन जणी मागे राहतात, आणि त्या कोण असतील हे आपल्याला आपल्या गावात बसून सांगता येतं.

आपण लगेच म्हणतो, अज्ञान आहे, लोकांना कळत नाही. मला हे पटत नाही. आपल्या वऱ्हाडात आशाताई गावात आहे, पाळी चुकल्यावर करायची तपासणी ती फुकट करून देते, उपकेंद्र फार लांब नाही, अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग सगळ्यांना तोंडपाठ आहे. कळत सगळं असतं. अडतं ते घरात. "तीन महिने होऊ दे, आत्ताच कोनाले सांगू नोको," हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोललं जातं आठवून बघा. नजर लागेल, गर्भ टिकला नाही तर लोक काय म्हणतील, ही त्यामागची भीती. हे काही आपल्याच भागातलं खूळ नाही. तिकडे आफ्रिकेत मोझांबिकसारख्या देशातही बाया सुरुवातीचं गरोदरपण लपवतात, कोणी वाईट करेल म्हणून. आणि या भीतीची मला टिंगल करावीशी वाटत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडण्याचा धोका खरंच जास्त असतो. ज्या बाईचं एकदा तसं झालंय तिला गावभर उत्तरं देत फिरावं लागतं.

फक्त अडचण अशी, की जे तीन महिने आपण गुपचूप काढतो तेच तीन महिने तपासणीचे आहेत. शेजारणीला सांगू नका, नणंदेला सांगू नका, पण आशाताईला त्या यादीत कशाला टाकता?

आता थोडं गणित करू या, शेवटी मी मास्तरीणच. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान 180 दिवस घ्यायच्या असतात. म्हणजे सहा महिने. नोंदणी वेळेत झाली तर नऊ वजा तीन, बरोबर सहा, हिशोब जुळतो. नोंदणी सातव्या महिन्यात झाली तर उरतात 90 दिवस. 180 गोळ्या 90 दिवसांत बसत नाहीत. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर पंडुरोग धरतात, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. रक्त काही एका आठवड्यात वाढत नाही. आठव्या महिन्यात कळलेल्या 7 ला डॉक्टर रक्त चढवण्याची धावपळ करतात, तिसऱ्या महिन्यात कळलेल्या 7 ला वेळ तरी असतो.

दुसरं गणित तारखेचं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. 10 जून असेल तर 17 मार्च. चौथीचं पोरगं करेल इतकं सोपं. पण पाचव्या महिन्यात विचारलं की बाईला तारीख आठवत नाही. मग "पोळ्याच्या आंधी का मांगून? महालक्ष्म्या झाल्या होत्या का?" असं विचारत विचारत तारीख काढावी लागते. पोळ्याआधी आणि पोळ्यानंतर यात महिन्याची चूक होऊ शकते. बाळ दिवस भरून आलं की आधीच, हे मग कशावरून ठरवणार?

सिकलसेलचं तर वेगळं सांगायलाच हवं, कारण विदर्भात हा आजार बराच आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे लवकर कळलं तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ मिळतो. आणि तपासणी नवऱ्याचीही लागते, हे घरात सांगायला बाईलाच अवघड जातं. फॉलिक ॲसिडचं तर आणखी घाईचं. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा कित्येक जणींना दिवस गेल्याचा पत्तासुद्धा नसतो. म्हणून डॉक्टर ही गोळी मूल हवं असं ठरल्यापासूनच सुरू करायला सांगतात.

मग बाई जात का नाही? एकटीच्या मनावर असतं तर बऱ्याच जणी गेल्या असत्या. सासू म्हणते, "आमच्या टायमाले कोठी होते कार्डं? मले पाच झाले, सारे घरीच." त्या पाचांव्यतिरिक्त किती गेले ते ती सांगत नाही. तपासणीच्या दिवशी बाईचा रोज बुडतो, नवरा सोबत आला तर त्याचाही. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, या दिवसांत मजुरीवर जाणारी बाई चक्कर आली तरी शेतात जाते. पहिल्या खेपेला सगळे जपतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला "आता तिले अनुभव हाये" म्हणून तिलाच सोडून देतात. आणि काही घरांत लवकर नोंद नको असते, कारण एकदा रजिस्टरमध्ये नाव चढलं की पुढे गर्भ कुठे गेला हे कोणीतरी विचारणार. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला, देशाचा 1994 मध्ये आला, तरी ही कुजबुज अजून थांबलेली नाही.

हे झालं खालच्या सपाटीचं. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कारणं आणखी वेगळी आहेत. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, तेही घाटातून. शिवाय दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं हरभरा-गव्हाच्या कामाला खाली उतरतात आणि होळीला परततात, कारण होळी हा त्यांचा मोठा सण. आता बघा, नोव्हेंबरात दिवस गेले तर बाई गावच्या आशाला भेटणार मार्चमध्ये. तोवर पाचवा महिना. कामाच्या गावची आशा तिला ओळखत नाही. खरं तर कार्ड कुठेही दाखवता येतं, पण ते आधी हातात असायला हवं ना. तिकडच्या शाळांवरचे शिक्षक स्थलांतरित मुलांच्या याद्या करतातच. त्या यादीतल्या घरात कोणी गरोदर आहे का, एवढं विचारून आशाताईला कळवलं तर यादीचा दुप्पट उपयोग होईल. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला वर्षानुवर्षं राहिले, 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भुमकाकडे जाणारी माणसं त्यांच्याकडेही गेली, ती ओळख झाल्यावर.

योजनांबद्दल एक तक्रार आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजना 2017 ला आली तेव्हा पहिला 1000 रुपयांचा हप्ता 150 दिवसांच्या आत नोंदणी केल्यावर होता. 2022 पासून पहिल्या बाळासाठी 3000 आणि 2000 असे दोन हप्ते झाले, पण पहिल्यासाठी मुदत सहा महिन्यांची. आपल्याकडे मुदत म्हणजे काय हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख 30 असेल तर पालक 30 लाच येतात! 12 आठवडे महत्त्वाचे म्हणायचं आणि पैसे सहा महिन्यांवर द्यायचे, हे काही पटत नाही. 12 आठवड्यांच्या आत येणारीला थोडं जास्त द्या. वर आधारवर नाव माहेरचं, बँकेत सासरचं. निदान शाळेच्या दाखल्यावर आपण मुलीचं नाव आणि जन्मतारीख नीट लिहावी, ती चूक वीस वर्षांनी तिच्याच अंगावर येते.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायांमध्ये 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आधी झालेलं आहे, असं 2019-21 चं सर्वेक्षण सांगतं. अठराच्या आतली मुलगी गरोदर राहिली तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं. कायदा मुलीच्या संरक्षणाचाच आहे. पण घरचे घाबरतात, वय वाढवून सांगतात किंवा तपासणीच टाळतात, आणि जिला सगळ्यात जास्त काळजीची गरज आहे तीच सगळ्यात उशिरा दवाखान्यात पोचते. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, पुढची पाच-सात किलोमीटरवर, एसटी वेळेवर नाही. मुलीचं शिक्षण सुटतं आणि स्थळं यायला लागतात. तिच्या गरोदरपणाची काळजी तेव्हाच सुरू व्हायला हवी होती, आपण तिला टीसी देताना.

पालकहो, विशेषतः बाबा लोक, तुम्हाला एक सांगायचं आहे. पालकसभेला आया येतात, तुम्ही क्वचित. आरोग्याच्या कार्यक्रमालाही तसंच. पण दवाखान्यात जायचं की नाही, रोज बुडवायचा की नाही हे ठरवता तुम्ही आणि तुमची आई. म्हणून शिक्षक मित्रांनो, पुढची पालकसभा सोंगणी आटोपल्यावर, संध्याकाळी सहानंतर ठेवू या. आशाताईला दहा मिनिटं द्या, मुलं मैदानावर खेळत असताना. सासवांना आवर्जून बोलवा, त्या नातवंडांच्या निमित्ताने येतात. पोषण आहाराचा फळा असतोच, त्याच्या खाली आशाताईचा नंबर आणि गरोदर मातांच्या गाडीचा 102 नंबर खडूने मोठ्या अक्षरात लिहायचा, आणि पावसाने पुसला की पुन्हा लिहायचा.